अविवाहित मुलीची रांग

वाइपाहू, हवाई
१५ नोव्हेंबर १९८८

पोरी क्रिसांता,

आम्ही सुखरूप पोचलो. तुझी आई विमानात सगळा वेळ जपमाळ ओढत होती आणि मारिलू खिडकीला नाक लावून बसली होती. मी काय केलं म्हणशील तर झोपलो. खोटं. नुसते डोळे मिटून बसलो. उघडले असते तर विमानतळाच्या जाळीमागे उभी असलेली तूच दिसली असतीस.

तुझा काका न्यायला आला होता. त्याने भाऊ म्हणून माझा अर्ज भरला तेव्हा तू दोन वेण्या घालून शाळेत जायचीस. आमचा नंबर लागेपर्यंत तू एकवीस ओलांडलीस, आणि सरकारच्या लेखी एकवीस ओलांडलेली मुलगी बापासोबत मोजली जात नाही. मारिलू चौदाची, म्हणून ती आमची. मग मोठी कोणाची? मी व्हिसा देणाऱ्या साहेबाला विचारलं. तो हसला. मी त्याला हसवायला विचारलं नव्हतं.

आल्याआल्या पहिलं काम केलं ते तुझा कागद टाकायचं. अविवाहित मुलीसाठी बापाचा अर्ज. नीट ऐक, अविवाहित. तू लग्न केलंस की कागद त्याच क्षणी मेला, मग कोणी साधू-संत आला तरी तो उठत नाही. काका म्हणतो सात-आठ वर्षं लागतील. तोवर तू शिक्षिकेची नोकरी धरून राहा, आपल्या घराला कुलूप लागू देऊ नकोस आणि पोरांना चार हात लांब ठेव. वडाखालचे ते ट्रायसिकलवाले तर आठ हात.

मला ऊसतोडणीवर घेतलंय. इथली माती लाल आहे, अंगावरची धुतली तरी जात नाही. तुझ्या आईला हॉटेलच्या धुलाईत चादरी आहेत. आणि एक सांगतो. अर्ज भरणाऱ्या बापाला इथेच राहावं लागतं. तो गाव आठवलं म्हणून परत गेला की अर्ज बुडाला. तेव्हा तू येईपर्यंत मी इथून हलत नाही. तू तिकडे खुंटीला बांधलेली, मी इकडे.

तुझा तातांग,
फ्लोरो


दिंग्रास, इलोकोस नॉर्ते
२ एप्रिल १९८९

प्रिय तातांग,

खोका पोचला. साबण, टॉवेल, डबाबंद मांस, चॉकलेटं, सगळं नीट आलं. चॉकलेटांना साबणाचा वास लागलाय, पण शाळेतल्या मुलांनी वासासकट खाल्ली. शेजारच्या पासिंग मावशी खोका उघडताना उंबऱ्यातच बसून होत्या. म्हणाल्या, "बस बाई, खुडूक कोंबडीसारखी बस. तुझं अंडं अमेरिकेत उबतंय."

मी म्हटलं, "मावशी, पिल्लू निघालं की पहिला टॉवेल तुम्हालाच."

तुम्ही गावभर पत्रं पाठवून माझी बातमी सांगितलीत. आता मी बाजारात वांगी घ्यायला गेले तरी बाया विचारतात, "अगं, तू अजून इथेच?" जसं काही मी सकाळी निघून संध्याकाळी परत आले.

तुम्ही म्हणता तर मी थांबेन, तातांग. तुम्ही उन्हात उभं राहून ऊस तोडताय आणि मी सावलीत फळ्यावर अक्षरं काढतेय. माझं थांबणं ते काय? तुमच्या लसणाच्या वाफ्यात यंदा चुलतभावाने मका लावला. रागावू नका. त्याला लसणातलं कळत नाही.

आईला, माझ्या नानांगला, म्हणावं, गुडघ्याला तेल लाव.

तुमची,
क्रिसांता


पासुकिन
१९ जानेवारी १९९३

प्रिय तातांग,

माझी बदली झाली. पत्ता वर लिहिलाय तो. समुद्रकाठची शाळा आहे, वाऱ्याने मुलांच्या वह्या उडतात आणि अर्धा तास त्या गोळा करण्यात जातो. घराची किल्ली चुलतभावाकडे दिली आहे. महिन्यातून एकदा जाऊन झाडून येते.

इथे लोक मीठ शिजवतात. खाऱ्या वाळूतून पाणी गाळतात आणि मोठ्या लोखंडी कढईत आटवतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा मामा अनसेल्मो हेच काम करतो. त्याने मला दाखवलं, मिठाला उकळी फुटताना पाण्यावर आधी साय धरते, मग ती साय जड होऊन बुडते. त्या वेळी कोणी बोललं तर मीठ कडू होतं म्हणतो. मी विचारलं, "खरंच?" तर म्हणाला, "नाही. पण शिक्षिकाबाई गप्प कशा दिसतात ते बघायचं होतं."

तुम्हाला हसू येईल म्हणून लिहिलं.

पुढच्या खोक्यातून साबण नको. मारिलूचे फोटो पाठवा. ती बारावीत गेली तरी माझ्या डोक्यात अजून वेणी घातलेलीच आहे.

तुमची,
क्रिसांता


वाइपाहू
६ मार्च १९९३

पोरी,

फोटो पाठवतोय. मारिलूने ओठ रंगवलेत, ते मी बोटाने पुसायचा प्रयत्न केला, पण फोटोवरचे पुसले जात नाहीत.

गिरणी बंद पडणार म्हणतात. ऊस परवडत नाही. मग आम्हा म्हाताऱ्यांना हॉटेलांच्या बागा झाडायला पाठवतील. मला चालेल. झाडू उसापेक्षा हलका. काल सगळे जण बसून गप्पा मारत होतो. जो तो म्हणतो, मी पेन्शन घेऊन गावी जाणार, विहीर बांधणार, कोंबडे पाळणार. मला विचारलं, "फ्लोरो, तू?" मी म्हटलं, "माझी पोरगी यायची आहे. मी कुठे जातो?" सगळ्यांनी माना डोलवल्या. बाप असावा तर असा, म्हणाले. मला बरं वाटलं.

वाफ्यात लसूणच लावायला सांग. नोव्हेंबरात, भात कापला की लगेच, वर पेंढा पसरून. मका काय, कोणीही लावतं.

तुझा कागद पुढे सरकतोय. मी दर महिन्याला काकाकडून विचारून घेतो. वर्गातल्या मुलीच्या मामाला म्हणावं, मीठ शिजव आणि गप्प बस.

तातांग


वाइपाहू
२८ मे १९९४

क्रिसांता बाळा,

हे पत्र तुझ्या तातांगला दाखवलेलं नाही. उत्तर मारिलूच्या नावाने पाठव.

सव्वा वर्षात तुझी सात पत्रं आली. पहिल्यात मीठ आलं. त्याच पत्रात मिठाचा माणूस आला. मग त्याची होडी, त्याच्या आईचा दमा, त्याने तुला सायकलवर बसवून डॉक्टरकडे नेलं ते. शेवटच्या दोन पत्रांत त्याचं नावच नाही. तुझा बाप म्हणाला, "बरं झालं, तो मामा गेला वाटतं कुठेतरी." मी बापासारखी वाचत नाही. माणूस पत्रातून नाहीसा होतो तो कधी, ते मला ठाऊक आहे. तो घरात आला की.

मला खरं सांग. मी ओरडणार नाही. इतक्या लांबून ओरडून उपयोग तरी काय?

नानांग


पासुकिन
३० जून १९९४

नानांग,

तुझं पत्र मी समुद्रावर जाऊन वाचलं.

जानेवारीत आमचं लग्न झालं. इथे नाही, वरच्या गावातल्या छोट्या देवळात, म्हाताऱ्या पाद्रीसमोर. त्याची आई आणि बहीण, एवढेच लोक. त्याच्या आईने स्वतःचं लग्नातलं ओढणीचं कापड माझ्या डोक्यावर घातलं. ते आखूड पडलं. तू असतीस तर टाके उसवून मोठं केलं असतंस. मला तेवढ्यावरून रडू आलं आणि पाद्रीला वाटलं मला लग्न करायचं नाही. त्याने विचारलं, "पोरी, जबरदस्ती नाही ना?" अनसेल्मो म्हणाला, "फादर, जबरदस्ती झालीच असेल तर माझ्यावर झाली. मला ही बाई वर्षभर नाही म्हणत होती."

मी खरंच वर्षभर नाही म्हणत होते, नानांग. कागदाची गोष्ट सांगितली, तातांगची सांगितली. त्याने ऐकून घेतलं. मग एक दिवस कढईखालचा जाळ विझवून म्हणाला, "तुझ्या बापाच्या रांगेत तू उभी आहेस, ठीक आहे. पण मी कोणत्या रांगेत आहे ते सांग, म्हणजे मी तिथे जाऊन उभा राहतो." मी सत्तावीसची झाले. तुला या वयात दोन मुलं होती.

नोव्हेंबरात मलाही होईल.

तातांगना मीच लिहीन. पत्र चार वेळा लिहून फाडलं. तू सांग, कसं लिहू?

क्रिसांता


वाइपाहू
३ ऑगस्ट १९९४

बाळा,

लिहू नकोस.

तुझा बाप सकाळी उठतो तो तुझ्या नावाने. देवापुढे तुझं नाव, जेवताना तुझं नाव. परवा एकजण चेष्टेने म्हणाला, तिकडे थांबलेल्या पोरी काय खरंच थांबतात होय, गुपचूप संसार थाटतात. तुझा बाप ताटावरून उठून त्याच्या अंगावर गेला. माझी क्रिसांता तसली नाही, म्हणाला. सहा जणांनी धरला तेव्हा थांबला. त्या माणसाला काही माहीत नव्हतं, सगळ्यांबद्दलच बोलत होता तो. पण आता मी तुझ्या बापाला कुठल्या तोंडाने सांगू?

या परमुलखात तो कुरकुरतो, ते नाही मनावर घेत मी. माती लाल, भाताला चव नाही, मासे बर्फातले. कुरकुरणं हा त्याचा स्वभावच. तो उभा आहे तो त्या एका आशेवर. ती काढून घेतली तर तो बसेल, आणि बसला की उठायचा नाही. नंबर लागायला अजून वर्षं आहेत. तोवर देव काहीतरी वाट काढेल.

काळे तीळ खाऊ नकोस. नारळाचं पाणी पी. मुलगी झाली तर फोटो मारिलूकडे पाठव.

त्याला माझा आशीर्वाद सांग. त्याचं पूर्ण नाव काय, तेही तू लिहिलं नाहीस.

नानांग


वाइपाहू
११ फेब्रुवारी १९९८

क्रिसांता! पोरी!

आला! नंबर आला! मनिलाहून तुलाही पत्र येईल, पण मला आधी कळलं म्हणून मी आधी लिहितोय. सात-आठ म्हणता म्हणता दहा वर्षं लागली, पण लागला एकदाचा! मी पत्र घेऊन थेट हॉटेलच्या बागेत गेलो आणि सगळ्यांना दाखवलं. माळ्यांच्या मुकादमाने मला सुट्टी दिली आणि म्हणाला, "जा फ्लोरो, नाच."

मी घरी येऊन खोलीला रंग दिला. मागची खोली, जिथे मारिलू लग्नाआधी झोपायची. तुला फिकट पिवळा आवडायचा, अजून आवडतो ना? पलंग घेतला. तुझी आई म्हणते, आधी तिला येऊ तर दे. ही बाई अलीकडे कशालाच खूश होत नाही. पाय सुजतात, दम लागतो, म्हणून असेल. तू आलीस की बरी होईल.

आता मनिलाला जायचं, डॉक्टरची तपासणी, मग मुलाखत. शपथेवर सांगायचं, मी अविवाहित आहे. हसू नकोस त्या वेळी. आमच्या ओळखीची एक हसली तर तिला दोनदा विचारलं.

परागंदा झालेलं माझं अर्धं घर परत येतंय. लवकर लिही.

तुझा तातांग


पासुकिन
८ मार्च १९९८

प्रिय तातांग,

हे पत्र बसून वाचा. नानांगला जवळ बसवा. तिच्यावर रागावू नका, मीच तिला गप्प बसायला लावलं.

माझं लग्न झालंय. चार वर्षं झाली. त्याचं नाव अनसेल्मो कास्त्रेंसे. मिठाचं काम करतो. ज्याला तुम्ही गप्प बस म्हणाला होतात, तोच. आम्हाला मुलगी आहे. तिचं नाव दिविना. नानांगच्या लुदिविनामधलं निम्मं.

मनिलाहून पत्र आलं तेव्हा ते मी नवऱ्याला दाखवलं. त्याने ते घडी घालून मला परत दिलं. मग म्हणाला, "जा. सही कर. सगळे करतात. वरच्या गावातलं रजिस्टर कोण बघतंय? तिकडे पोच, बापाला भेट, मग दोन-चार वर्षांनी ये आणि माझ्याशी नव्याने लग्न कर. मी दुसऱ्यांदाही हो म्हणेन." हसला. मग बाहेर जाऊन लाकडं फोडत बसला, लाकडं लागणार नव्हती तरी.

मी ठरवलं, जाते. तुमच्यासाठी. संध्याकाळी तो टेबलापलीकडे साहेब होऊन बसला, मला सराव व्हावा म्हणून. विचारलं, "लग्न झालंय?"

मी म्हटलं, "नाही."

"चाचरू नका बाई, नीट सांगा. लग्न झालंय?"

"नाही."

"मुलं आहेत?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात दारातून दिविना ओरडली, "आहे की! मी आहे!" तिला वाटलं आम्ही खेळतोय. अनसेल्मो उठला, तिला उचलून घेतलं आणि तिला घेऊनच बाहेर गेला. मला परत काही विचारलं नाही.

तातांग, मी मनिलाला गेले नाही. त्यांना लिहून कळवलं की मी विवाहित आहे. कागद मेला. तो चार वर्षांपूर्वीच मेला होता, मी तुम्हाला कळू दिलं नाही, एवढंच.

अजून एक सांगते, मग मारा हवं तर. मला तिकडे यायचं नव्हतं. कधीच नव्हतं. विमानतळावरही नव्हतं. पण तुम्ही माझ्यासाठी तिथे राहिलात, लाल मातीत उतरलात, सगळ्यांना अभिमानाने सांगत राहिलात. तुमचा एवढा खटाटोप आणि मी म्हणणार, नको? म्हणून हो म्हणत राहिले.

मला क्षमा करा किंवा करू नका, पण उत्तर द्या.

क्रिसांता


वाइपाहू
१७ जून १९९८

बाळा,

त्याच्याकडून उत्तर आलं नसेल, म्हणून मी लिहिते.

पत्र मारिलूने वाचून दाखवलं. तो उठला, बाहेर जाऊन जावयाच्या गाडीत बसला. गाडी सुरू नाही केली, त्याला चालवता कुठे येते? अंधार पडल्यावर आत आला. मला विचारलं, "तुला माहीत होतं?"

म्हटलं, "होतं."

"कधीपासून?"

"पोरगी पोटात होती तेव्हापासून."

"म्हणजे मी ताटावरून उठलो होतो तेव्हाही?"

मी मान हलवली. तेव्हापासून माझ्याशी तो मीठ दे, पाणी दे, एवढंच बोलतो. मीठ म्हणतानाही अडखळतो.

आता माझं. मूत्रपिंडं गेली म्हणतात डॉक्टर. एक दिवसाआड यंत्रावर बसवतात, रक्त बाहेर काढून धुतात आणि परत घालतात. मी चादरी धुतल्या जन्मभर, आता मला धुतात. दुखत नाही. थंडी वाजते. तुझा बाप बोलत नाही, पण नेऊन बसवतो, शेजारी बसतो आणि माझ्या पायावर त्याचा कोट घालतो.

दिविनाचा फोटो मी उशीखाली ठेवला होता. मागच्या आठवड्यापासून तो तिथे नाही. मी विचारलं नाही. शोधलाही नाही.

नानांग


वाइपाहू
२२ नोव्हेंबर १९९८

क्रिसांता,

लिहायला उशीर झाला. रागात लिहिलेलं पत्र पोस्टात गेलं की परत मिळत नाही, म्हणून थांबलो. तसली तीन फाडली.

तुझं पत्र बरेच वेळा वाचलं. खोटं बोललीस त्याचं मला एवढं लागलं नाही. पोरी बापाशी खोटं बोलतात, मी माझ्या बापाशी बोललो होतो. लागली ती तुझी शेवटाकडची ओळ. तुला यायचं नव्हतं.

आता माझं ऐक. मला इथे राहायचं नव्हतं.

पहिल्या वर्षीच मी काकाला म्हटलं होतं, मला नाही जमायचं, तिकीट काढ. तो म्हणाला, जा, पण पोरीचा कागद बुडेल. मग थांबलो. दर वर्षी लसणाच्या दिवसांत माझे हात शिवशिवायचे आणि मी हॉटेलच्या बागेत खोटी फुलं लावायचो. म्हणजे फुलं खरी, पण खाता न येणारी. लोकांपुढे फुशारकी मारली ती त्यासाठी. नाही तर रडलो असतो.

चौऱ्याण्णवमध्ये तू मला सांगितलं असतंस, तर मी आधी तुला दोन शिव्या घातल्या असत्या आणि मग तिसऱ्या दिवशी तिकीट काढलं असतं. तेव्हा तुझ्या आईचे पाय धड होते. आम्ही दोघं घरी आलो असतो. ती पोरगी माझ्या मांडीवर मुतली असती. तू माझ्यासाठी थांबलीस, मी तुझ्यासाठी. दोघांनाही जे नको होतं त्यासाठी दहा वर्षं उभे राहिलो, आणि एकानेही तोंड उघडलं नाही. मी पण नाही. दोष तुझ्या एकटीचा नाही.

आता यायचं म्हटलं तर येता येत नाही. तुझ्या आईला हे यंत्र लागतं. तिकडे ते कुठे आहे? मनिलात आहे म्हणतात, पण मनिला म्हणजे काही घर नव्हे. यंत्र सोडलं की आठवडाभरात संपलं, डॉक्टरने तोंडावर सांगितलं. ती म्हणते, "मला घेऊन चल, आठवडा तर आठवडा." मी तिला गप्प करतो. माझ्याने ते होणार नाही.

काका म्हणतो, तू नागरिक हो, मग विवाहित मुलीसाठीही अर्ज टाकता येतो. वीस वर्षं लागतात. मी त्याला म्हटलं, माझ्या पोरीला विचारल्याशिवाय मी आता कोणत्याही रांगेत तिचं नाव घालणार नाही.

तेव्हा विचारतो. घालू?

तातांग


पासुकिन
१४ जानेवारी १९९९

तातांग,

नका घालू.

पण मला नानांगला भेटायचं आहे. राहायला नाही, नुसती भेटायला. शाळेतून रजा घेते, पाहुणी म्हणून व्हिसा मागते. मुलगी आणि नवरा इथेच ठेवते, म्हणजे त्यांना कळेल की मी परत येणार.

तुमचं पत्र मी अनसेल्मोला वाचून दाखवलं. 'मांडीवर मुतली असती' इथे तो हसला, आणि पुढे वाचू नको म्हणाला.

क्रिसांता


पासुकिन
३० एप्रिल १९९९

तातांग,

नाही मिळाला.

मी रात्रीच्या बसने मनिलाला गेले. शाळेचं पत्र नेलं, लग्नाचा दाखला नेला, दिविनाचा जन्मदाखला नेला, डॉक्टरांचं पत्र नेलं. यंदा सगळं खरंखरं घेऊन गेले होते. खिडकीतल्या माणसाने कागद बघितलेच नाहीत. पडद्याकडे बघून म्हणाला, "तुमच्या वडिलांनी तुमच्यासाठी अर्ज केला होता?"

"हो. पण तो रद्द झाला."

"म्हणजे तुम्हाला तिकडे कायमचं जायचं होतं."

"मला नव्हतं. वडिलांना वाटत होतं की मला जायचंय."

मी हे कोणाला समजावून सांगणार, तातांग? आपल्याला दोघांना दहा वर्षं लागली. तो म्हणाला, "सॉरी मॅडम," आणि मागच्या माणसाला बोलावलं.

मी म्हटलं, "माझी आई मरतेय." तो म्हणाला, "आय अ‍ॅम सॉरी," आणि मला वाटतं, त्याला खरंच वाईट वाटलं. पण खिडकी तीच होती.

येताना बसमध्ये एक बाई शेजारी होती. तिचा लेक सौदीला. तिने मला स्वतःच्या डब्यातला पानात गुंडाळलेला चिकट भात दिला. काही विचारलं नाही. माझ्या तोंडावर लिहिलेलं असेल.

रविवारी गावातल्या दुकानातून फोन करेन. नानांगला जवळ बसवा. दिविना तिला गाणं म्हणून दाखवणार आहे. ती सध्या एकच ओळ म्हणते आणि तीच परत परत म्हणते. ऐकून घ्या.

क्रिसांता


वाइपाहू
९ फेब्रुवारी २०००

क्रिसांता, आणि अनसेल्मो,

फोनवर मारिलूने सांगितलंच आहे. फोनवर ती रडत होती, मी नीट बोललो नाही. म्हणून लिहितो.

तुझी आई मागच्या मंगळवारी दुपारी गेली, यंत्रावर बसलेली असतानाच. सुई लावणारी नर्स आपल्या लावागकडची आहे. ती तिच्याशी आपल्या बोलीत बोलत होती, वांगी-भेंडीच्या भाजीत झिंग्याची चटणी आधी घालायची की नंतर यावर. तुझी आई म्हणाली, "आधी. नंतर घालतात त्या आळशी बाया." नर्स हसली, मान वर करून बघते तर ती गेलेली. मी शेजारीच होतो. मला वाटलं वाद जिंकून डोळे मिटून बसलीये.

शेवटच्या महिन्यांत आम्ही बोलायला लागलो होतो, हे तुला कळावं. एकदा तिने विचारलं, "माझ्यावर अजून राग आहे?" मी म्हटलं, "आहे." ती म्हणाली, "असू दे. पण जरा सरक, मला थंडी वाजतेय." मी सरकलो. आमचं एवढंच झालं. पुष्कळ झालं.

दिविनाची ती एक ओळ तिला पाठ झाली होती. ती ती गुणगुणायची, सूर सोडून. तुझी आई कधीच सुरात गायली नाही.

आता मी तिला घरी घेऊन येतोय. इथे पुरायचं असं मारिलूच्या नवऱ्याचं म्हणणं होतं, जागा चांगली आहे, हिरवळ आहे. मी म्हटलं, ती आठवडा तर आठवडा म्हणत होती, तेव्हा मी तिचं ऐकलं नाही. आता ऐकतो. कागदपत्रं झाली. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी विमान लावागला उतरेल. दिंग्रासचं घर उघड, खिडक्या उघड, पुढची खोली रिकामी कर. पासिंग मावशीला सांग, नऊ दिवस प्रार्थना आपल्याच घरी होतील, भात तिने रांधावा, तिचा भात मोकळा होतो.

माझं परतीचं तिकीट काढलेलं नाही. मारिलू म्हणते, "तातांग, सहा महिन्यांत तरी परत या, नाही तर तुमचं ग्रीन कार्ड जाईल." मी म्हटलं, जाऊ दे. तिची दोन पोरं मला सोडत नव्हती. धाकटा पायाला मिठी मारून बसला. एका पोरीकडे जायचं तर दुसरी सुटते, असाच हा हिशेब आहे माझ्या नशिबाचा. तिला मी जाळीमागे ठेवून येणार. या वेळी डोळे उघडे ठेवणार आहे.

आणखी एक. विमान कंपनीच्या माणसाने विचारलं, तिकडे पेटी ताब्यात कोण घेणार, नाव सांगा. मारिलू चुलतभावाचं नाव सांगायला लागली. मी तिला थांबवलं. म्हटलं, "लिहा, अनसेल्मो कास्त्रेंसे." त्याने विचारलं, नातं काय? मी म्हटलं, "जावई."

तर अनसेल्मो, आता तुझ्याशी बोलतो. आपण एकमेकांना पाहिलेलं नाही. मी तुला एकदा गप्प बस म्हटलं होतं, ते सोड. विमानतळावर लवकर ये, तिथे फार वेळ लावतात. पेटी जड आहे. पाठीला लागेल, सवय असली तरी जपून उचल. तिला मुलगा नव्हता.

पहिला खांदा तू दे.

तुझा तातांग,
फ्लोरो राबागो